आजीचा तवा आणि इतर अप्रिय मतं

व्हिडिओ गेमविषयी दोनच मतांना आपल्या समाजात मान्यता आहे. एक, त्याने मुलं बिघडतात. दोन, आमच्या वेळचे गेम काय होते राव! ही दोन्ही मतं बहुधा एकच गृहस्थ मांडतात, आणि तीही एका कपातला चहा संपायच्या आत. मग आपण बिघडलो कसे नाही, हा प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही, कारण समोर बसलेले सगळे त्याच वयाचे असतात.

या दोन सरकारमान्य मतांपलीकडे काही बोलायचं म्हटलं की पंचाईत होते. गेम खेळणाऱ्या मंडळींत हल्ली ‘अप्रिय मत’ मांडायची फॅशन आहे. माझा भाचा आणि त्याचे मित्र आमच्या ताईच्या हॉलमध्ये ही बैठक वरचेवर भरवतात. सुरुवात ठरलेली: ‘‘मारू नका रे, पण मला प्रामाणिकपणे वाटतं की...’’ एवढं बोलून तो शूर मुलगा आवंढा गिळतो आणि म्हणतो, ‘‘...गेमच्या कंपन्या फार पैसे उकळतात.’’ यावर बाकीचे सगळे ‘‘खरं बोललास भावा’’ म्हणत त्याच्या पाठीवर थाप मारतात. ज्या मतावर अख्खा हॉल एका सुरात मान डोलावतो, ते मांडायला आवंढा कशाला गिळायचा?

खऱ्या अप्रिय मताची खूण वेगळी असते. ते ऐकून कोणी मारत नाही, ओरडत नाही. हातातला कंट्रोलर फक्त हळूच खाली ठेवतात आणि म्हणतात, ‘‘मामा, तू मोठा आहेस म्हणून...’’ पुढचं वाक्य संस्कारांमुळे अपुरं राहतं. माझ्याकडे अशी मतं बरीच साठली आहेत.

पहिलं मत आमच्याच पिढीला टोचणारं. जुने गेम चांगले नव्हते. आपण लहान होतो, तेवढंच काय ते चांगलं होतं.

नव्वदच्या दशकात घरोघरी जो ‘टीव्ही गेम’ आला, तो बहुतेक वेळा निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्राची नक्कल असायचा. त्याच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं असे. यादी खाली सरकवत गेलं की कळायचं, पहिल्या पानावर मारिओ आहे, तिसऱ्या पानावरही तोच आहे, आणि सहाव्या पानावरचाही तोच, फक्त तिथे तो मधल्याच एका टप्प्यापासून धावायला लागतो. कॅसेट चालली नाही की ती उपसून तिच्यात फुंकर मारायची. प्रत्येक घरात फुंकरीचा एक तज्ज्ञ असे. कॅसेट चालायची ती उपसून पुन्हा नीट बसवल्यामुळे. फुंकरीतल्या दमटपणाने आतल्या पिना उलट खराबच होत. पण हे आज चाळिशीतल्या माणसाला सांगून पाहा. त्याला स्वतःचा मोबाइल वर्षभरात जुना वाटतो, त्या फुंकरीवरची श्रद्धा मात्र अभंग आहे.

हाच माणूस पुढे म्हणतो, ‘‘आजच्या पोरांना सगळं सोपं करून हवं असतं.’’ आणि हाच माणूस ‘कॉन्ट्रा’ खेळताना वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, बी, ए अशी बटणं दाबून तीस जीव घेऊन मैदानात उतरायचा. ही बटणं त्याला आजही पाठ आहेत. बायकोचा मोबाइल नंबर पाठ नाही. हा संकेत मूळचा कोनामी कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांचा. १९८६ साली ‘ग्रेडियस’ हा गेम घरच्या यंत्रावर आणताना त्यांनी तो घालून ठेवला, कारण आपणच बनवत असलेला गेम त्यांना स्वतःला झेपत नव्हता. बनवणाऱ्याला न झेपणाऱ्या गोष्टीला आम्ही ‘दर्जा’ म्हणत आलो.

जुने गेम अवघड होते, पण त्यात कलेपेक्षा धंदा जास्त होता. १९७८ चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ काय किंवा १९८० चा ‘पॅकमॅन’ काय, ही मशिनं नाण्यावर चालत. खेळणारा लवकर मेला तरच पुढचं नाणं पडणार. फार काळ कोणी जगेल याची तर तयारीच नव्हती. ‘पॅकमॅन’च्या २५६ व्या पातळीवर अर्धा पडदा चित्रविचित्र अक्षरांनी भरून जातो, कारण पातळ्या मोजणाऱ्या खात्यात २५५ च्या पुढे जागाच ठेवलेली नव्हती. आमच्याकडच्या पार्लरमध्ये रुपया टाकून ‘मुस्तफा’ मिळे. त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, हे त्या पार्लरमध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं. पिवळ्या टोपीवाला मुस्तफा घ्यायचा एवढंच ठाऊक होतं. जरा रंगात येऊन बॉसपर्यंत पोचावं, तर मागे उभा असलेला एखादा मिसरूड फुटलेला दादा म्हणायचा, ‘‘सरक, मी मारून देतो.’’ बॉस मरायचा नाही, आपला रुपया मरायचा.

आणि वाईट गेम तेव्हा नव्हते असं तर मुळीच नाही. स्पीलबर्गच्या ‘ई. टी.’वरचा अटारीचा गेम १९८२ च्या नाताळात दुकानात हवा म्हणून पाच आठवड्यांत उरकला गेला. पुढच्या वर्षी अटारीने न खपलेला माल ट्रक भरभरून न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरला. २०१४ साली तो उकरून काढला, तेव्हा बघायला गर्दी जमली होती. जुनं ते सोनं म्हणतात ते बरोबरच आहे, जमिनीतूनच निघालं.

दुसरं मत चित्राच्या झकपकपणाबद्दल. घामाचा थेंब न् थेंब दिसणारी ग्राफिक्स कोणालाही मनापासून नको असतात. पुरावा म्हणून ‘क्रिकेट ०७’ सादर करतो. ईए स्पोर्ट्सचा हा गेम २००६ च्या अखेरीस आला आणि त्यानंतर त्या कंपनीने क्रिकेटची ही मालिका गुंडाळून टाकली. परवाना नसल्यामुळे भारतीय खेळाडूंची नावं अशी मोडून लिहिली होती, की आधार केंद्रावर नेली असती तर दुरुस्तीचा अर्ज भरावा लागला असता. प्रेक्षक म्हणजे पुठ्ठ्याचे. तरीही हा गेम मरायला तयार नाही. हौशी मंडळी त्यात नव्या जर्सी, नवे चेहरे, नवी मैदानं भरत राहिली. ज्या गेमच्या जन्माच्या वेळी आयपीएल अस्तित्वात नव्हती, त्या गेममध्ये लोक आयपीएल खेळतात, आणि समालोचनाला रिची बेनॉ असतात. नव्या गेममध्ये गवताचं पातंन्पातं हलतं म्हणून भाच्याने नवं ग्राफिक्स कार्ड मागितलं, तेव्हा भाऊजींनी त्याला बाल्कनीतली कुंडी दाखवली. तिथेही पातंन्पातं हलत होतं. फक्त पाणी कोणी घातलेलं नव्हतं.

इथून मी माझ्या मुख्य तक्रारीकडे वळतो. तक्रार नव्हे, शोध म्हणा.

हल्ली सगळ्या मोठ्या गेमना ‘ओपन वर्ल्ड’ असावं लागतं. म्हणजे अफाट नकाशा, आणि कुठेही जायची मोकळीक. ही मोकळीक मिळाल्यावर माणूस काय करतो, ते पाहण्यासारखं आहे. २०१५ साली पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीचा ‘द विचर ३’ आला. गेम खरोखर थोर आहे. गेराल्ट नावाचा, पांढऱ्या केसांचा, दोन तलवारी पाठीला लावलेला राक्षसमाऱ्या नायक आहे. लेकीसारखी वाढवलेली मुलगी संकटात आहे, तिच्या मागावर भुतांसारखे स्वार आहेत, जगाचं काय होणार ते तिच्यावर अवलंबून आहे. क्षणाचा विलंब चालणार नाही, असं सगळे त्याला बजावतात. आणि गेम सुरू होऊन फार वेळ झालेला नसताना, पहिल्याच गावात, एका झोपडीबाहेर एक म्हातारी आजी भेटते. तिचा तवा एका बंद झोपडीत अडकलाय. तेवढा आणून देशील का बाबा?

आमचा भाचा तत्काळ निघाला. मुलगी थांबली, स्वार थांबले, जग थांबलं. त्याने दार फोडलं, आत पडलेल्या प्रेताची रीतसर पाहणी केली, तवा शोधला आणि आजीला नेऊन दिला. पाठोपाठ तो खानावळीत गेला आणि तिथल्या माणसांशी ग्वेंट नावाचा पत्त्यांचा डाव मांडून बसला. मुलगी अजूनही संकटातच होती.

नेमक्या त्याच वेळी स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, ‘‘अरे, खालून जरा कोथिंबीर आणतोस का?’’ भाचा नजर न हलवता म्हणाला, ‘‘आई, बिझी आहे.’’

या प्रसंगाने माझी झोप उडवली. पोलंडमध्ये कल्पिलेल्या, कधी न पाहिलेल्या आजीचा तवा आणायला जो मुलगा प्रेतावरून उडी मारून जातो, तो स्वतःच्या आईची कोथिंबीर आणायला लिफ्टने खाली जात नाही. हा आळस नक्कीच नव्हे. आळशी माणूस तवासुद्धा आणणार नाही. मग फरक कशात आहे? आजीच्या डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह होतं. काम सांगितल्याबरोबर ते यादीत लिहिलं गेलं. वाट नकाशावर ठिपक्याठिपक्यांनी उमटली. काम झाल्यावर तुतारीसदृश काहीतरी वाजलं, अनुभवाचे गुण जमा झाले. कोथिंबीर आणल्यावर मात्र ताई म्हणते, ‘‘ही कसली आणलीस? मेथी दिसली नाही का?’’

माझं तिसरं आणि सर्वांत अप्रिय मत हे असं: माणूस गेममध्ये विसावा घ्यायला जातो, हा समज साफ चुकीचा आहे. तो कामावर जातो. खऱ्या आयुष्यात केलेलं काम कोणाच्या वहीत चढत नाही, तिथे चढतं, एवढीच त्याची मौज.

पटत नसेल तर दुकानात काय खपतं ते पाहा. ‘पॉवरवॉश सिम्युलेटर’ नावाचा गेम आहे. त्यात पाण्याचा जोरदार फवारा मारून गाड्या, अंगणं, घसरगुंड्या धुवायच्या. बस्स. एवढाच गेम. एखादी वस्तू पूर्ण स्वच्छ झाली की मंजुळ घंटी वाजते. भाच्याने त्यात एक व्हॅन चाकांच्या आतल्या बाजूपर्यंत चकचकीत धुतली, आणि त्याची स्वतःची स्कूटर खाली अशा अवस्थेत उभी होती की सोसायटीतल्या मुलांनी तिच्या सीटवर बोटाने गणिताचा गृहपाठ केला होता. ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ हा प्राग शहरातल्या कंपनीचा २०१२ चा गेम. त्यात युरोपभर ट्रकने माल पोचवायचा. सिग्नल तोडला तर दंड, झोप न घेता चालवलं तर जांभया. पुण्यात वाढलेला हा मुलगा मध्यरात्री, निर्मनुष्य आणि मुळात अस्तित्वातच नसलेल्या चौकात, लाल दिव्यापाशी शांतपणे थांबलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे.

२० मार्च २०२० ला, जग घरात कोंडलं जात होतं तेव्हा, निन्टेन्डोचा ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ आला आणि लाखो लोक एका टुमदार बेटावर जाऊन राहिले. तिथे पाऊल ठेवताच टॉम नूक नावाचा गोंडस प्राणी तुम्हाला तंबू देतो आणि लगेच बिल हातात ठेवतो. ते फेडलंत की तो घर बांधून देतो, ९८ हजार ‘बेल्स’चं कर्ज. ते फेडलंत की खोली वाढवून देतो आणि आणखी मोठं कर्ज. जगातले लोक गृहकर्जाचा हप्ता थकलाय म्हणून घाबरलेले होते, आणि मन रमवायला काय करत होते? दुसरं गृहकर्ज फेडत होते. पण टॉम नूक व्याज घेत नाही, मुदत घालत नाही आणि त्याच्या कार्यालयातून ‘सर, पर्सनल लोन हवंय का’ असा दुपारी फोनही येत नाही. त्याच बेटावर रविवारी सकाळी सलगम विकत मिळतात. आठवडाभर दुकानात त्यांचा भाव रोज दोनदा बदलतो आणि पुढच्या रविवारपर्यंत विकले नाहीत तर ते सडतात. आमच्या भाचेसुनेने, शेअर बाजाराचं नाव काढलं तरी कानावर हात ठेवणाऱ्या मुलीने, या सलगमांपायी वही घातली होती.

आणि शेती? ‘फार्मिंग सिम्युलेटर’ ही मालिका २००८ पासून चालू आहे. त्यातला ट्रॅक्टर बघितला तर आमच्या गावाकडचा माणूस आधी त्याला हार घालेल. वर्षानुवर्षं तिथलं पीक हवामानाने बुडत नसे. २०२४ च्या आवृत्तीत गारपीट आणि वावटळी आल्या. पण त्यांचं नुकसान नको असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येतं. हे मी गावी एका चुलत्यांना सांगितलं. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, ‘‘तेवढं सेटिंग कुठं असतंय, ते विचारून ठेव.’’

कामाला लोक किती तयार असतात याची परिसीमा ‘झेल्डा’ मालिकेतल्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये गाठली गेली. २०१७ चा हा गेम. जगभरच्या समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला. त्याच्या विशाल नकाशात झाडांच्या शेंड्यांवर, दगडांखाली, डोंगरांच्या कपारीत नऊशे बिया लपवल्या आहेत. त्यांतल्या काही गोळा केल्या की शस्त्रं ठेवायला जागा वाढवून मिळते, आणि नऊशेच्या बऱ्याच अलीकडे तो फायदा संपतो. तरी जिद्दीने पूर्ण नऊशे जमवणारे हजारो लोक निघाले. नऊशेवी बी नेऊन दिली की हेस्टू नावाचा पानाफुलांचा एक लठ्ठ प्राणी आनंदाने नाचतो आणि बक्षीस देतो. बक्षीस म्हणजे सोनेरी, घडीदार, वर टोक आलेली एक वस्तू. ती काय आहे हे सभ्य मासिकात लिहिता येत नाही, पण ती गाईची असती तर तिच्या गोवऱ्या थापता आल्या असत्या. तिचा उपयोग एकच: हेस्टू हवा तेव्हा पुन्हा नाचतो. यावर मोर्चा निघायला हवा होता. प्रत्यक्षात लोकांनी त्या वस्तूचे फोटो अभिमानाने मित्रांना पाठवले.

आता अवघड गेमवाले. हा पंथ वेगळा. २०११ चा ‘डार्क सोल्स’ यांचा आद्य ग्रंथ, २०२२ चा ‘एल्डन रिंग’ हा त्यावरचा विस्तृत टीकाग्रंथ. दोन्ही जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरचे. यात तुम्ही मरता. पुन्हा मरता. प्रत्येक वेळी पडद्यावर लाल अक्षरांत ‘यू डाइड’ असं कळवलं जातं, न जाणो तुमच्या लक्षात आलं नसेल. कंपनीही प्रामाणिक; संगणकावरच्या आवृत्तीला त्यांनी ‘प्रिपेअर टू डाय’ असंच नाव दिलं होतं. या पंथासमोर उच्चारू नये असं एकच वाक्य आहे: ‘‘यात एक सोपा पर्याय ठेवला तर काय बिघडेल?’’ बैठकीत मी ते उच्चारलं आणि चारही कंट्रोलर एकदम खाली गेले.

‘‘मामा, मग त्या मरण्याला अर्थ काय राहिला?’’ एक मुलगा कळवळून म्हणाला. या वयात एवढा आध्यात्मिक प्रश्न मला पडला नव्हता. माझं म्हणणं साधं होतं. कोल्हापुरात मिसळ खाताना नाकातून पाणी येईपर्यंत कट ओढणाऱ्याने खुशाल ओढावा. शेजारच्याने आपल्या वाटीत दही घातलं म्हणून याची मिसळ सपक होत नाही. २०१८ च्या ‘सेलेस्ट’ या डोंगर चढायच्या अवघड गेममध्ये वेग कमी करायची, दम वाढवायची सोय निर्मात्यांनीच ठेवली होती. त्याने त्या डोंगराची उंची कोणाला कमी वाटली नाही. पण पोरांना दही मान्य नाही. आणि मला कारण कळतं. सोपं झालं तर सुट्टी घेतल्यासारखं वाटेल. घाम गाळल्याशिवाय हातात आलेलं काही आपलं नव्हेच, ही शिकवण आपणच त्यांना दिली. त्यांनी ती भलतीकडे पाळली, एवढंच.

चौथं मत ऐकून तर भाचा दोन दिवस बोलला नाही. मी म्हटलं, आपल्या घराण्यातली खरी गेमर म्हणजे मावशी.

मावशी ‘कँडी क्रश’ खेळते. तिची पातळी कितवी हे विचारायची आमच्यात हिंमत नाही. सकाळची पूजा, चहा आणि कँडी, हा क्रम भूकंप झाला तरी बदलत नाही. भाच्याच्या मते हा गेमच नव्हे, ‘टाइमपास’ आहे. तो स्वतः खेळतो तो जणू पीएचडीचा विषय. बाजाराचं मत वेगळं आहे. २०१२ चा ‘कँडी क्रश सागा’ बनवणारी किंग ही कंपनी २०१६ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्डने ५९० कोटी डॉलरना घेतली, आणि २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुमारे ६,९०० कोटी डॉलर मोजून अ‍ॅक्टिव्हिजनच घेऊन टाकली. पोरं म्हणाली, मायक्रोसॉफ्टने ‘कॉल ऑफ ड्यूटी’ घेतला. अरे, त्यात आमची मावशीही घेतली! आणि मायक्रोसॉफ्टची ही गेमभक्ती आजची नाही. १९९० साली विंडोज ३.० सोबत सॉलिटेअर दिलं, त्यात माउसने वस्तू उचलून दुसरीकडे ठेवायची सवय लोकांना लागावी हा हेतू होता. आपल्याकडच्या कितीतरी कार्यालयांनी ते प्रशिक्षण इतक्या गांभीर्याने घेतलं, की निवृत्तीपर्यंत पूर्णच होऊ दिलं नाही.

आता ‘मुलं बिघडतात’ हे सरकारमान्य मत राहिलं. अमेरिकेच्या सिनेटमध्ये १९९३ साली ‘मॉर्टल कॉम्बॅट’मधल्या रक्तामांसावर सुनावणी झाली आणि पुढच्या वर्षी वयाप्रमाणे शिक्के मारायची पद्धत सुरू झाली. त्या शिक्क्यांचा इतका फायदा झाला, की कोणता गेम मागायचा हे मुलांना दुकानात शिरल्याशिरल्या कळू लागलं. आमची पिढी ‘रोड रॅश’ खेळली. मोटारसायकल हाकता हाकता शेजारच्याला साखळीने हाणायचं, हे त्याचं सार. ती पिढी आज हप्ते भरते आणि कोणाला हॉर्नसुद्धा दबकत देते. सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगवरून अंगावर धावून जाणाऱ्यांनी आयुष्यात कॅरमपलीकडे काही खेळलेलं नसतं. ‘पबजी’वर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली ती चिनी अ‍ॅप आणि माहितीची सुरक्षा या कारणाने, पण आपल्या पाल्याच्या दहावीची सरकारने दखल घेतली असं समजून कित्येक पालकांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले. पुढच्या जुलैत तोच गेम ‘बीजीएमआय’ या नावाने परत आला. मावशीचा त्यावर आक्षेप होता, पण वेगळा. ऐन श्रावणात नातू खोलीतून ‘‘चिकन डिनर मिळालं!’’ असं ओरडल्याचं तिने कानाने ऐकलं होतं.

माझ्या मते बंदूक बिघडवत नाही, गल्ला बिघडवतो. याची सुरुवात एका घोड्यापासून झाली. २००६ साली ‘ऑब्लिव्हियन’ या गेममध्ये बेथेस्डाने घोड्याचं चिलखत अडीच डॉलरना विकायला काढलं. घोडा गेममधला, चिलखत गेममधलं, डॉलर तेवढे खिशातले. लोक पोट धरून हसले, आणि हसता हसता त्यांनी ते विकत घेतलं. तिथून कंपन्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. लोकांना काम आवडतं ना? मग काम आणखी कंटाळवाणं करा, आणि ते टाळण्याचे पैसे घ्या. इमारत बांधायला बारा तास लागतील. थांबायचं नसेल तर हिरे विकत घ्या. गेम विकत घ्यायचा आणि तो खेळावा लागू नये म्हणून पुन्हा पैसे मोजायचे, हा व्यवहार आमच्या आजोबांना समजावून सांगता आला नसता.

खऱ्या पैशांच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदाच केला. त्याच्या आदल्या महिन्यात आपल्या विधान परिषदेत कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसल्याची चित्रफीत गाजली होती. आपण खेळत नव्हतो, आपोआप आलेलं ते घालवत होतो, असं त्यांनी सांगितलं. मोबाइलवरची जाहिरात घालवताना तिची ती मुंगीएवढी फुली ज्याने शोधली आहे, तो यावर अविश्वास दाखवणार नाही. पुढे त्यांचं कृषिखातं गेलं आणि क्रीडाखातं आलं. व्हिडिओ गेमला खेळ म्हणावं की नाही, यावर जगभर विद्वान डोकी फोडतात. महाराष्ट्राने तो प्रश्न एका खातेपालटात निकालात काढला.

या सगळ्या चिंतनाचा घरगुती उपयोग व्हावा म्हणून माझा शोध मी ताईला सांगितला. ती कामाची बाई. तिने दुसऱ्याच दिवशी फ्रिजवर एक कागद लावला. वर पिवळ्या स्केचपेनने मोठं उद्गारचिन्ह. खाली कामं आणि पुढे गुण. कोथिंबीर, दहा. स्कूटर धुणं, चाळीस. कुंड्यांना पाणी, पंधरा. मावशीला बँकेत नेऊन आणणं, शंभर, ‘बॉस फाइट’. काम झालं की ती मोबाइलवर तुतारी वाजवत असे.

भाच्याने आठवड्यात यादी फस्त केली. आणखी कामं मागितली. शेजारच्या काकूंचा गॅस सिलिंडर बदलून आला आणि ‘साइड क्वेस्ट’ म्हणून त्याचे गुण मागितले. घर इतकं स्वच्छ झालं की वस्तू सापडेनात. हे सगळं सोफ्यावरून पेपराआडून पाहणारे भाऊजी एका रात्री जेवणानंतर घसा खाकरून म्हणाले, ‘‘यात मोठ्या माणसांना घेतात का?’’ आणि ताई काही बोलायच्या आत त्यांनी लग्नापासूनचे थकीत गुण मागितले. गॅसची नोंदणी, तिच्या माहेरच्या सगळ्या मुंजी, मुलाच्या प्रवेशाच्या रांगा. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेला माणूस. फरकासह मागत होता.

ताईने शांतपणे हिशेब नाकारला, खातं शून्यापासून उघडून दिलं आणि म्हणाली, ‘‘नऊशे झाले की बक्षीस आहे.’’

भाऊजी आता पहाटे उठून दूध आणतात. काल माळ्यावर चढले होते. बक्षीस काय असेल, यावर त्यांनी माझ्याशी दोनदा चर्चा केली. बहुधा महाबळेश्वर, असा त्यांचा अंदाज आहे. नऊशे बियांची गोष्ट ताईला भाच्याने सांगितली आहे, हे मला माहीत आहे. पण माणूस एवढ्या उमेदीने कामाला लागलेला असताना शेवट आधीच सांगून टाकणं गेमच्या जगात असभ्य समजतात.